मंदाची मर्जी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. नारायणगडावर देवापुढे हात जोडून उभी राहिले तेव्हा त्यालाही नाही — तिथे पटकन दुसरंच काहीतरी मागून मोकळी झाले. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखतही असाल. केज तालुक्यात महिलांच्या कामासाठी म्हणून एखाद्या बाईचा शाल-नारळ देऊन सत्कार झालेला पाहिला असेल, तर ती कदाचित मीच.

आमचं घर राजकारणातलं. हे पंचायत समितीत होते, तेव्हा मला एक महिला मंडळ काढून दिलं. काढून दिलं — हाच शब्द बरोबर आहे. पण काम मी मनापासून केलं, हेही खरं. नवरी अठराची नाही असं कळलं की मी मांडवात जाऊन उभी राहायचे. लोक शिव्या घालायचे. मला बरं वाटायचं.

सात वर्षं झाली असतील. धारूरच्या घाटाजवळच्या एका लॉजवर भर दुपारी पोलिसांची धाड पडली. अशा वेळी सोबत बाई लागते, म्हणून मला नेलं. तीन बायका सापडल्या. दोघी तोंडाला पदर लावून रडत होत्या. तिसरी खुर्चीवर बसून केस विंचरत होती. ती मंदा. पस्तिशीची विधवा, युसूफ वडगावची. त्या दोघींना घरचे येऊन घेऊन गेले. मंदासाठी कुणी आलं नाही.

सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं हे केलं तर तिच्यावर गुन्हा होत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण तिला घरी सोडायचं की सुधारगृहात ठेवायचं, हे न्यायाधीश ठरवतात, आणि ठरवताना बाईची नि तिच्या घरची चौकशी करून दिलेला अहवाल बघतात. महिला मंडळाची म्हणून तो अहवाल मला द्यायला सांगितला होता.

मी तिच्यासमोर बसले. घाबरू नको, आम्ही तुला यातून सोडवू — नेहमीचं सगळं बोलले. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई, मी तुमच्याकडं रडत आलते का? मग कावून सोडवायलाव? सोडायचंच तर हितून सोडा. पोरगी घरी एकली हाय."

मग तिनं आपणहून सांगितलं. नवरा गेल्यावर दोन हंगाम तिनं ऊस तोडला. "तिथं मुकादमानं माझी मर्जी इचारली न्हाई. हितं न पटंल त्याला मी न्हाई म्हणते." पोरीला बारावीपर्यंत शिकवायचं होतं, नर्सिंगला घालायचं होतं. तोवर पोरीच्या लग्नाचं नाव काढणाऱ्याला ती दारात उभं करणार नव्हती.

मी म्हणाले, "अगं, यात कसली आली मर्जी?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमाला घरात कुणी इचारतं का बाई, मर्जी हाय का न्हाई ते?"

टोचून नव्हती बोलली. शेजारीण विचारते तसं विचारत होती — म्हणून तर ते आत गेलं. माझ्या लग्नाला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती. नाही. एकदाही नाही. अंगात ताप असताना नाही, बाळंतपणाचे टाके ओले असताना नाही. आणि हे त्या लॉजवरच्या बाईला माझ्या तोंडाकडे बघून कळलं होतं. मी वही मिटली.

दोन दिवसांनी युसूफ वडगावला तिच्या घरी गेले. पत्र्याची एकच खोली, झाडून लख्ख. तिची पोरगी प्रतीक्षा नववीत होती, पंधराचीही नव्हती. मला बघून उठली, तांब्या भरून आणला, विचारलं, "मम्मीला कधी आणनार?" मी म्हणाले, लवकरच.

बाहेर मंदाचा दीर उभा होता. एका मुकादमाला ऊसतोडीसाठी माणसं गोळा करून द्यायचा. हसून बोलत होता. "वयनी लवकर आली न्हाई तर आमाला दुसरा इचार करावा लागंल, ताई. गाड्या निघायच्या आत पोरीचं उरकून टाकू. सोयरिकीतलं पोरगं हाय. एकट्याला कुणी तोडीवर नेत न्हाई, जोडी लागती."

मला समजलं नाही असं झालं का? नाही. मला पूर्ण समजलं. गाडीत बसताना मी मागे वळून पाहिलं, तर पोरगी अजून दारात उभी होती.

घरी येऊन अहवाल लिहिला. सदर महिला दबावाखाली बोलते. स्वतःचे हित समजण्याच्या मनःस्थितीत नाही. तिच्या सहवासाचा मुलीवर वाईट परिणाम होईल. घरी सोडणे योग्य नाही. — चार वाक्यं. चारही खोटी. मला तिची काळजी नव्हती, पोरीची तर नव्हतीच. तिनं मला जो प्रश्न विचारला, तो विचारणारं तोंड मला वर्षभर तरी डोळ्यांसमोर नको होतं. एवढंच होतं ते.

आदेश एक वर्षाचा झाला. दुसऱ्या जिल्ह्यातलं सुधारगृह. मंदा ओरडली नाही. तिनं एकच विचारलं, "पोरीपाशी कोन ऱ्हाईल?" मी फाईल चाळत होते.

दसऱ्याच्या आधी प्रतीक्षाच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. मॅडम, गुरुवारी लग्न आहे, तुम्हीच काहीतरी करू शकता. मी म्हणाले, बघते. आणि बघितलं नाही. ते लग्न थांबवलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता — या मुलीला आजवर कुणी सांभाळलं? उत्तर होतं, आईनं. मग माझ्या अहवालाचं काय झालं असतं?

गुरुवारी मी घरात बसून ज्वारी निवडली. लग्नाची वेळ बारा पस्तीसची होती. तेवढे वाजलेले मी घड्याळात बघितले.

पुढे या विषयावर जिकडेतिकडे चर्चा सुरू झाली. मर्जीनं हे काम करणाऱ्या बाईला कायद्यानं मोकळीक द्यावी का, तिला कामगार म्हणावं का, की तशानं बायकांचा बाजार आणखी वाढेल? कॉलेजांत परिसंवाद व्हायचे, मला बोलवायचे. दोन्ही बाजूंना कळकळीनं बोलणारी माणसं होती. दोन्हींकडचं मला काही काही पटायचं, आजही पटतं. पण मी मत मांडायला कुठे जात होते? मी मंदाला घेऊन उभी राहायचे. नाव बदलून. सांगायचे, अशी एक बाई होती, तिलाही वाटायचं की ही आपली मर्जी आहे. आम्ही तिला बाहेर काढलं, आणि आज ती आमचे आभार मानते. काही मुली डोळे पुसायच्या.

वर्ष भरल्यावर मंदा खरंच आली. दुपारी, माझ्या ओसरीवर. बस म्हटलं, बसली नाही. पाणी दिलं, ते हातात धरून राहिली. वकिलाकडून तिनं माझा अहवाल वाचून घेतला होता.

"प्रतीक्षा सासरी हाय. तोडीवर उसाच्या फडात पोट पडलं तिचं. माझ्यासंगं बोलत न्हाई. आई पळून गेली असं सांगितलंय तिला समद्यांनी. तुमी लिव्हलं, मला माझं हित कळत न्हाई. तुमाला तर कळत हुतं, बाई."

पेला तसाच भरलेला कठड्यावर ठेवून ती गेली. त्यानंतर ती कुठे आहे, मला माहीत नाही. मी शोध घेतला नाही. पोरीच्या सासरचं गाव मला ठाऊक आहे. तिथेही गेले नाही. पुढच्याच महिन्यात एका कार्यक्रमात मात्र गेले, आणि मंदाची गोष्ट सांगितली. तशीच. आभारासकट.

गेल्या महिन्यात बीडला बोलत होते. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. तिनं विचारलं, मॅडम, त्या बाई आता कुठे असतात? त्यांच्याच तोंडून ऐकता येईल का?

मी म्हणाले, "तिला जुनं काही आठवायला नको वाटतं गं. लेकीजवळ असते. सुखात आहे."

टाळ्या पडल्या. ती मुलगी खाली बसली आणि मी सांगितलेलं तिनं वहीत लिहून घेतलं.