हलगी गार झाली तेव्हा

माझी पत्नी सुमन मार्चमध्ये गेली.

आज शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटवलं आणि त्या धुराने मला देवळालीतल्या जुन्या, शनिवार-रविवारच्या लोकनृत्य शिबिरात नेलं. तिथे हलगीचं कातडं पाचटाच्या जाळावर शेकून ताणायचे. ते गार झालं की नाच थांबायचा. पहिल्या आजारपणातून उठलेल्या सुमनला एकदा माझ्याबरोबर नाचायचं होतं. मी मागे पुस्तक घेऊन बसलो होतो.

"सर, उठा की. बाई कवाच्या उभ्या हायेत," हलगीवाले तात्या म्हणाले.

"ते आधी वाचून घेतील, मग नाचतील," सुमन म्हणाली.

मी उठलो. पावलं जुळायच्या आतच हलगी गार झाली. तात्या ती शेकायला गेले, तरी सुमनने माझा हात सोडला नाही. सगळ्यांसमोर नुसतं उभं राहताना मी संकोचलो होतो. आज तेवढं उभं राहणंच आठवतं.

तिथून आणलेली हलगी भिंतीवर आहे. तिचं कातडं सैल पडलं आहे.