मूर्तीला डोळे नव्हते

लग्न होऊन अष्टमी गावात आले आणि नदीपलीकडे रोह्याच्या शाळेत शिकवू लागले. पस्तिशीतच सांधे धरले. सकाळी खडूसुद्धा बोटांत धरवेना. डॉक्टरांनी संधिवाताची एक गोळी सुरू केली आणि हळूहळू हात मोकळे झाले. पुढे ते डॉक्टर गाव सोडून गेले. गोळीने गुण येत होता, म्हणून मी ती वर्षानुवर्षं घेत राहिले.

मग वाचताना अक्षरं गळायला लागली. ज्या अक्षरावर नजर असेल ते लख्ख, त्याच्या आजूबाजूची गायब. नवा चष्मा केला. काही फरक पडला नाही. संध्याकाळी पुलावरून घरी येताना समोरच्या माणसाला कधी तोंडच नसायचं, कधी नुसतं कपाळ असायचं. हे कुणाला सांगायचीसुद्धा भीती वाटायची.

गणपतीआधी पेणला माहेरी गेले होते. बहिणीबरोबर मूर्ती ठरवायला कारखान्यात गेले. एक मूर्ती आवडली. तिच्या सोंडेकडे बघत मी म्हटलं, "हिचे डोळे काढायचे राहिलेत वाटतं."

रंगकाम करणारे काका हसले. "ताई, डोळे कालच काढलेत. नीट बघा."

बघितलं. नजर सोंडेवरच होती; डोळ्यांच्या जागी सपाट गुलाबी रंग होता. नजर खाली हातातल्या मोदकाकडे गेली, आणि वरून दोन डोळे माझ्याकडे बघायला लागले. नजर वर सोंडेवर नेली तर पुन्हा नाहीसे.

बहिणीने माझा दंड धरला. "अगो, डोळे हायत की! असं काय करतेस?"

घरी आल्या आल्या आरशासमोर उभी राहिले. टिकलीच्या खाली, नाकाच्या शेंड्यावर नजर लावली. नाक होतं. माझे डोळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी बहिणीने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब घालून आतले फोटो काढले, बराच वेळ संगणकाच्या पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "संधिवाताची गोळी किती वर्षं घेताय?"

मी गोळीचं नावही काढलं नव्हतं.

वर्षानुवर्षं घेतली की काहीजणांच्या डोळ्यांच्या पडद्याला ही गोळी बाधते, असं ते म्हणाले. मधला ठिपका शाबूत राहतो, त्याच्याभोवती निकामी भागाचं कडं पडतं. म्हणून ही गोळी घेणाऱ्यांनी डोळे नेमाने तपासून घ्यायचे असतात. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"गेलेलं परत येईल?"

"नाही. आणि गोळी बंद केल्यावरही काही काळ वाढू शकतं."

सांध्यांच्या नव्या डॉक्टरांनी लगेच औषध बदललं. कडं थोडं वाढलं, मग थांबलं. सकाळी बोटं पुन्हा जरा आखडतात, पण शाळा चालू आहे.

नवरा विचारतो, "बोलताना माझ्या कानाकडे काय बघत असतेस?"

कानाकडे बघितलं तरच त्याचे दोन्ही डोळे मला एकदम दिसतात. कडेला, धुरकट, आणि नेहमी जरा जास्तच रोखून बघत असल्यासारखे.