पालथे राजे

वर्तमानपत्रात त्याला तिरट म्हणतात. 'तिरट खेळताना पकडले' अशी बातमी आमच्याकडे अधूनमधून येतेच, आणि मी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचते, कारण रोज दुपारी तीन ते पाच मीही तिरटच खेळत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई! पैसे लावून नाही, चिंचोके लावून. पण मुरुमसारख्या गावात बाईमाणसाच्या हातात पत्ते दिसले की चिंचोके कोण बघत बसतंय? म्हणून आम्ही माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी घालायचो.

आम्ही म्हणजे चौघी. घरमालकीण अक्का, सत्तरी ओलांडलेल्या, कपाळाला रोज विभूती, मराठी आमच्याशी आणि कानडी स्वतःशी. चिंचोके मोजायच्या ते 'वंदू, यरडू, मूरू' असे. दुसरी सरकारी दवाखान्यातली नर्सबाई. तिसरी दोन घरं सोडून शिलाई मशीन चालवणारी, चाळिशीची. हिला मी आठवीत गणित शिकवलं होतं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला होता. चौथी मी, अक्कांच्या मागच्या दोन खोल्यांत एकोणीस वर्षांपासून भाड्यानं राहणारी, बिनलग्नाची आणि आता निवृत्त.

निवृत्तीच्या आधी मला वाटायचं, सुटले एकदाची. सुटले खरी, पण कुठं जायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी सातला स्वयंपाक होऊन जायचा. एका माणसाच्या स्वयंपाकाला वेळ तो किती लागणार? पुण्याचा धाकटा भाऊ रविवारी फोन करायचा, 'जेवलीस का' विचारायचा. पूर्वी भावजयही बोलायची. एकदा ती मुलाला भागाकार चुकीच्या रीतीनं शिकवत होती, ते मी फोनवरच दुरुस्त केलं, तेव्हापासून ती स्वयंपाकघरात असते. बाकी सहा दिवस मी दुपारी तीन वाजायची वाट बघायची. हे लिहायला लाज वाटते, पण त्या दोन तासांसाठीच मी उरलेले बावीस काढत होते.

खेळ सोपा. प्रत्येकीनं आधी एक चिंचोका मध्ये ठेवायचा, मग प्रत्येकीला तीन पानं. बरी वाटली तर मधल्या ढिगात चिंचोके टाकत राहायचं, नाही वाटली तर पानं पालथी टाकून त्या डावातून बाहेर पडायचं. शेवटी दोघी उरल्या की पानं उघडायची. पण बाकीच्या आधीच बाहेर पडल्या, तर एकटी उरलेली ढीग उचलते आणि तिनं पानं दाखवायची गरज नसते.

सुरुवातीला माझं चांगल्या पानांपुढं काही चालायचं नाही. वाईट पानं मी झकास खेळायची, निमूट टाकून द्यायची. चांगली आली की मात्र जीव वर-खाली व्हायचा. चष्मा सारखा करायची आणि पहिल्याच खेपेला मूठभर चिंचोके ओतायची. तिघीही एकमेकींकडं बघून पानं टाकायच्या. तिन्ही एक्के हातात आणि मिळकत चार चिंचोके. अक्का तोंडाला पदर लावून हसायच्या.

"बाई, चांगली पानं आली की घाई करायची न्हाय," त्या म्हणायच्या. "माणसं उठून गेल्यावर एक्के घेऊन काय करता? बसवून ठेवायचं माणसांना. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी मनावर घेतलं. वहीच काढली. बावन्न पानांतून तीन पानं बावीस हजार शंभर प्रकारांनी येऊ शकतात आणि त्यातली तिन्ही सारखी फक्त बावन्न. हे मला आधीही काढता आलं असतं, पण पानांबरोबर माणसंही बघायची असतात हे अक्कांमुळं कळलं. चांगली पानं आली की मी आता घोटभर पाणी प्यायची. नर्सबाईला दवाखान्यात आज काय झालं ते विचारायची. एकेकच चिंचोका टाकायची, तोही जरा कुरकुरत. शिलाईवालीला एक जोडी आली की ती उसळायची, मग तीच ढीग वाढवायची आणि मी शेवटी शांतपणे पानं उलटायची. दोन-तीन महिन्यांत माझा चिंचोक्यांचा डबा भरून वाहायला लागला. चांगली पानं चांगली खेळणं म्हणजे काय, हे मला पुरतं कळलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मग शिलाईवाली यायची थांबली. आधी म्हणाली लग्नसराई आहे, ब्लाउज साठलेत. लग्नसराई संपली तरी ती आली नाही. ती नाही म्हणून नर्सबाईही टाळायला लागली, दोघींचं गूळपीठ होतं. मी नर्सबाईला एकदा अडवून विचारलंच.

"ती म्हणती, बाईपुढं बसाय नको वाटतं," नर्सबाई म्हणाली आणि ड्यूटीचं कारण सांगून सटकली.

मी हिशेब मांडला. मी जिंकते, ती हरते, म्हणून तिला नको वाटतं. उत्तर इतकं सरळ दिसत होतं की मी पडताळा घेतला नाही. पोरांच्या वहीत असं दिसलं असतं तर लाल शाई संपवली असती. त्या महिन्यात दुपारी तीनला मी पलंगावर बसून भिंतीवरचं घड्याळ बघायची. समोर अक्का एकट्या चिंचा फोडत बसायच्या, हातोडीचा ठकठक आवाज यायचा, आणि दोघींमध्ये एक अंगण असूनही बोलण्यासारखं काही सुचायचं नाही. मला रडू यायचं. साठीच्या बाईनं पत्त्यांसाठी रडावं याचा राग यायचा आणि मग जास्तच रडू यायचं.

शेवटी मी शिलाईवालीला निरोप धाडला की ये, फार दिवस झाले. ती आली. आणि त्या दिवसापासून मी चांगली पानं टाकायला लागले.

पहिल्यांदा टाकली ती एका रंगाची ओळीनं तीन, पाच-सहा-सात बदाम, कुठल्याही जोडीला भारी. दोन चाली खेळले, उसासा टाकला आणि पानं पालथी करून ढिगाच्या मध्ये सरकवली, कुणाला दिसू नयेत म्हणून. शिलाईवालीनं एका जोडीवर ढीग उचलला आणि मांडीवर थाप मारली. मी म्हटलं, नशीबवान आहेस. ती हसली. इतक्या वर्षांत ती माझ्याकडं बघून हसल्याचं मला आठवत नव्हतं.

मग तेच सुरू झालं. वाईट पानं खेळायची आणि हरायची, चांगली असतील तर टाकायची. नर्सबाई परत आली. शिलाईवाली कधी कधी वाटीभर शेंगांची चटणी आणायची. माझा डबा रिकामा होत गेला आणि खोली भरलेली राहिली. सौदा वाईट नव्हता. पण एक सांगते. हातात तीन राण्या असाव्यात, शेजारी तीन माणसं बसलेली असावीत आणि त्या राण्या कुणाला दाखवता येऊ नयेत, यासारखं एकटेपण मी रिकाम्या खोलीतही भोगलं नव्हतं. बघा, काय आलंय मला, एवढंच म्हणायचं होतं. आठ महिने ते गिळलं.

आठ महिन्यांनी तीन राजे आले. दोन चाली करून मी ते पालथे टाकले. मध्ये सरकवणार तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला. मला फोन येतो तो भावाचाच, आणि वार बुधवार. काही झालं असेल म्हणून मी तशीच पळाले.

"अगं ताई, चुकून लागला," तो म्हणाला. "बरी आहेस ना? ठेवतो मग."

बाहेर आले तोवर डाव संपला होता. नर्सबाईला खोड आहे, पानं गोळा करताना उलटून बघायची. सतरंजीवर माझे तीन राजे उताणे पडले होते आणि शिलाईवालीच्या हातात चौक्यांची जोडी होती, जिच्यावर तिनं नुकताच ढीग घेतला होता.

"बाई, हे कवापासून?" तिनं विचारलं.

चुकून टाकली असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण खोटं मला कधी नीट बोलता आलं नाही, नुसताच चष्मा सारखा केला.

"आठवीत तीन मार्कानं गेल्ते मी. तवा ग्रेस न्हवतं दिलं तुमी," ती म्हणाली. "आता देऊलालाव व्हय?"

ती रागावली नव्हती, तेच वाईट. तिनं जिंकलेले सगळे चिंचोके सतरंजीवर ओतले, पदर खोचला आणि कडी काढून गेली. नर्सबाई तिच्या मागोमाग.

आठ-दहा दिवस मी वाट बघितली. मग तिच्या दुकानात गेले. मुरुममध्ये इतकी वर्षं काढली, पण काम नसताना मी कुणाच्या दारात गेले नव्हते. ती मशीनवर होती. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं, "मला एकटीला करमत नाही. तू हरतेस म्हणून येत नाहीस असं वाटलं, म्हणून मी हरत होते."

तिनं मशीन थांबवलं. स्टूल पुढं केलं. मी बसले.

"हरण्याचं काय न्हवतं वो बाई," ती म्हणाली. "हरले तर चिंचोके जात्यात, माझ्या बापाचं काय जातंय? तुमी जिंकल्यावर समजावून सांगायच्या. 'इथं तू चुकलीस. ही पानं दुसऱ्याच चालीला टाकायची होतीस.' दर डावाला. शाळंत बाकावर उभं करायच्या ना, तसं वाटायचं बघा. दिसभर मशीन मारून दोन घटका बसाय यावं, तर हितंबी चुकाच."

खरंच समजावत होते मी. प्रत्येक डावानंतर, सगळ्यांना, मन लावून. मला वाटायचं, मी त्यांना काहीतरी देते आहे.

"मधी तुमी हराय लागल्या तशा गप बसाय लागल्या," ती म्हणाली. "लई बरं वाटलं. म्हनलं, बाई आता आपल्यातल्या झाल्या. आन् ते तर नाटक निघालं."

म्हणजे आठ महिने मी राजे, राण्या, एक्के टाकत राहिले, आणि टाकायचं होतं ते वेगळंच. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मी म्हटलं, आता ये, मी एक शब्द बोलणार नाही. ती ओशाळली. दुपारी तीनला आता शिवण शिकायला पोरी येतात, क्लास सुरू केला होता तिनं. उठताना मला चहा दिला, कपबशीतून, पाहुण्यांना देतात तसा. दारापर्यंत सोडायला आली. नर्सबाईचं तर मी विचारलंच नाही.

आता अक्का आणि मी दोघीच खेळतो. दोघींत तिरट खेळण्यात राम नाही. एकीनं पानं टाकली की संपलं, ना कुणाला बसवून ठेवायचं, ना काही लपवायचं. तरी तीन वाजले की सतरंजी पडते. कडी मात्र आता घालत नाही, कुणी आलंच तर उघडी असलेली बरी.

परवा मला एक्का, राजा, राणी आली, तिन्ही इस्पिक. मी पाणी प्यायले नाही, उसासा टाकला नाही, सरळ खेळले. अक्कांकडं नव्व्यांची जोडी होती. त्या चिंचोके टाकत राहिल्या, मीही टाकत राहिले. शेवटी त्यांनी पानं उघडायला सांगितली. मी उघडली, ढीग ओढून घेतला आणि पुढच्या डावासाठी पानं पिसायला लागले.

अक्का माझ्याकडं बघतच होत्या. त्यांनी आपली पानं अजून हातातच धरली होती.

"का वो बाई, आता सांगंनात? माझं कुठं चुकलं?"

"नाही सांगायचं ठरवलंय, अक्का. त्यापायीच सगळ्या गेल्या."

"गेल्या त्या गेल्या. मला सांगा की," त्या म्हणाल्या. "दिसभर माझ्यासंगं दुसरं कोण बोलतंय?"

एकोणीस वर्षं आमच्यात एक अंगण होतं, आणि हे मी कधी विचारलं नव्हतं. मी पानं खाली ठेवली, त्यांच्या तीन आणि माझी तीन समोरासमोर मांडली आणि पहिल्या चालीपासून सांगायला लागले.