मॅव्हिसच्या आईचं दार

मॅव्हिस हॅलमला आमच्या गावात तोंडावर खमकी म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते इथे सांगत नाही, कारण त्यातलं निम्मं माझ्याच दुकानात बोललं जातं. हॅथरवेल गावच्या झऱ्यासमोर माझं चहाचं दुकान आहे. दर रविवारी पाहुण्यांना गाव दाखवून झालं की मॅव्हिस तो सगळा लवाजमा माझ्याकडे आणून सोडते आणि स्वतः पाय सोडून बसते.

पंचाहत्तरी उलटली, पण बाई चालायला लागली की तरण्या माणसांना धाप लागते. आधी झऱ्यावर नेऊन प्रत्येकाला ते कोमट, गंजक्या चवीचं पाणी प्यायला लावायचं. कुणी तोंड वाकडं केलं तर ती सोडत नाही. अमीर-उमराव हेच पाणी पिऊन गेले, तुमच्याच जिभेला काय सोनं लागलंय, असं सरळ विचारते. मग अर्धगोल इमारत, घुमट, खांबांच्या रांगेतलं जुनं स्नानगृह. तिथे लोकांचे फोटो काढून झाले की ती त्यांना मागच्या बोळात नेते आणि एक बुटकं हिरवं दार दाखवते.

पुढच्या खांबांमधून श्रीमंत आत जायचे. मागच्या दारानं संधिवातानं आखडलेले गरीब यायचे, खाणीतले, गिरण्यांमधले. त्यांना काखेत हात घालून गरम पाण्यात उतरवायचं काम मॅव्हिसच्या आईनं, हेटीनं, जन्मभर केलं. तिचे हात कोपरापर्यंत कायम लाल असायचे म्हणे. मॅव्हिस हे सगळं सांगते तेव्हा आवाज जराही मऊ करत नाही.

आता त्या स्नानगृहाचं हॉटेल झालंय. तिथले नवे मॅनेजर प्राउस साहेब म्हणजे इस्त्रीतून नुकतंच निघालेलं माणूस. केक खायला आलेल्या पाहुण्यांनी कुबड्या आणि फोडांच्या गोष्टी का ऐकाव्यात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी हिरव्या दाराला कुलूप घातलं, पुढे कचऱ्याचे डबे लावले आणि गावच्या समितीला चहाला बोलावलं. समितीनं केक खाल्ले आणि मॅव्हिसला तिथंच बोलावून सांगितलं, बोळ वगळा नाहीतर गाव दाखवण्याचा बिल्ला परत करा. एकानंही तिची बाजू घेतली नाही. मॅव्हिसनं छातीवरचा बिल्ला काढला, त्यांच्याच साखरेच्या भांड्यात टाकला आणि निघून आली.

"मी मेले की ते दार कुणाला ठाऊक राहणार गं?" माझ्या दुकानात येऊन तिनं मला विचारलं. मला इतका संताप आला की दोन बशा फुटल्या.

जुलैत आमच्याकडे झरा सजवतात. लाकडी चौकटीत ओली माती थापायची, तिच्यावर चित्र टोचून काढायचं आणि त्यात पाकळ्या, पानं, शेवाळ दाबून बसवायचं. मग ती चौकट झऱ्यावर उभी करायची. गावातल्या बायका चर्चच्या हॉलमध्ये वाकून वाकून पाठी मोडून घेतात. पाकळ्या खालून वर लावायच्या, कौलं घालतात तशा, वरची ओळ खालचीवर चढवत, म्हणजे पाऊस ओघळून जातो. हॉटेलनं यंदाचं चित्र स्वतःच पाठवलं होतं. टोप घातलेले सरदार, पंखेवाल्या बाया, हातात पेले. खाली नुसतं निळं पाणी.

मॅव्हिसनं त्या निळ्या पाण्यात आईला बसवली. चोरून नाही, सगळ्यांच्या देखत. बाह्या वर सारलेल्या, काखेत धरलेला एक म्हातारा, आणि हात जिरेनियमच्या लाल पाकळ्यांचे. आम्ही दहा-बारा जणी होतो. कुणी तिला अडवलं नाही, उलट लाल पाकळ्या पुरेनात तेव्हा मी माझ्या खिडकीतल्या कुंड्या बोडक्या करून आणल्या.

शनिवारी दुपारी प्राउस साहेब बघायला आले. तोवर टोप, पंखे सगळं लागून झालं होतं. खालच्या बाईकडे बोट दाखवून ते म्हणाले, "एवढी ही काढून टाका."

"काढा की," मॅव्हिस बाजूला सरकली. "पण तुमचे सरदार तिच्यावरच चढलेत. ती निघाली की तेही गळणार."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही पाकळ्या निवडत राहिलो.

रविवारी पाद्रीबाईंनी झऱ्याला आशीर्वाद दिला. एकदा आशीर्वाद झाला की पाकळ्या सुकेपर्यंत चित्राला कुणी बोट लावत नाही, ही आमच्याकडची रीत. तोबा गर्दी होती. जो तो विचारायचा, ही लाल हातांची कोण? बिल्ला नसलेली मॅव्हिस सांगायची, आणि लोक पुढचं विचारायचे, मग ते दार कुठंय?

वर्तमानपत्रवाले आलेले पाहून प्राउस साहेब हसतमुखानं पुढे झाले. झालं गेलं विसरू, हॉटेलात चला, पाहुणी म्हणून पुढच्या दारानं या, चहा घेऊ, असं म्हणाले. सगळ्यांचे डोळे मॅव्हिसवर.

"पुढच्या दारानं माझ्या आईला कुणी बोलावलं नाही," ती म्हणाली. "मागचं उघडा, येते."

किल्ली हरवली, असं साहेब म्हणाले. मग थांबते, असं मॅव्हिस म्हणाली. मी दुकानातली खुर्ची नेऊन बोळात टाकली आणि ती कचऱ्याच्या डब्यांमध्ये जाऊन बसली. लोक मागोमाग आले. हॉटेलातले पाहुणेसुद्धा केकच्या बशा घेऊन आले. ती बोलत राहिली, बोळ भरत राहिला. शेवटी साहेबांनी कुलूप तोडायला माणूस पाठवला.

आत मोडक्या खुर्च्या, रंगाचे डबे आणि कुबट वास होता. भिंतीवर गंजलेल्या खुंट्यांची रांग होती. पाण्यातून वर आलेल्या बायका ओले एप्रन तिथे टांगायच्या. यातली आईची कुठली, हे मॅव्हिसला ठाऊक नव्हतं. तिनं दोन-तीन खुंट्यांवरून हात फिरवला, डोळे पुसले, मग अंगातला कोट काढून जवळच्या एकीवर टांगला आणि एक धड खुर्ची ओढून बसली.

"आता आणा चहा," ती प्राउस साहेबांना म्हणाली. "इथं."

साहेब स्वतः ट्रे घेऊन आले. दार बुटकं होतं, त्यांना वाकूनच यावं लागलं.