छतातल्या वायरी

हॅम्बर्गमधलं हे भाड्याचं घर ताब्यात घेतलं, तेव्हा छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. आधीचा भाडेकरू दिवे काढून घेऊन गेला होता; इथे तशीच रीत. "काय भिकार लोक आहेत!" म्हणत बायको केवढी भडकली होती. मग तिनेच हौसेने जेवणाच्या टेबलावर पितळी दिवा लटकवला, सोफ्यामागे पिवळसर एलईडीची पट्टी लावली. मला मात्र स्वयंपाकघरात पांढरी ट्यूबच हवी होती. त्यावरून आठवडाभर अबोला.

या नोव्हेंबरात ती मला कायमची सोडून गेली. जाताना इथल्या रीतीने आपले दिवे काढून घेऊन गेली. चार वाजताच अंधारतं. मग मी ताट घेऊन ओट्याशी उभ्याने जेवतो. माझी ट्यूब तेवढी जागेवर आहे, भांडून मिळवलेली.