वाफ्याच्या कडेला बूट

सुरतेत गमबूट विकणारा असा एकही दुकानदार नसेल, ज्याने माझ्या मामेसासऱ्यांना येताना पाहून शटर ओढायचा विचार केला नसेल. मामांची उभी हयात गोडादऱ्याच्या कापडाच्या लूमवर गेली. म्हातारपणी शहराबाहेर कामरेजला मुलाच्या घरामागे चार वाफ्यांपुरती जागा मिळाली आणि त्यांच्या अंगातला खानदेशी शेतकरी उठून बसला. भरिताची वांगी लागली, मेथी लागली. तोवर साखरेच्या आजाराने पायांची जाणीव नेली होती. डॉक्टर म्हणाले, पाय कोरडे ठेवा, अनवाणी अजिबात फिरू नका, जखम चिघळली तर पाय जाईल. मामांनी यातलं पहिलंच वाक्य मनावर घेतलं.

मग पर्वत पाटियाच्या बाजारापासून आमची वरात निघाली. मामा प्रत्येक दुकानात बाटलीतलं पाणी बुटात ओतायचे आणि तळाला डोळा लावून स्वस्थ बसायचे. "काका, आ शुं करो छो?" दुकानदार कळवळायचा. "पानी भायेर येस नही, म्हंजे मझार जास नही," मामा त्याला अहिराणीत समजावायचे आणि ओला बूट परत करून पुढच्या दुकानाकडे वळायचे. कापडी बूट भिजतो म्हणून बाद, भोकांची प्लास्टिक चप्पल चिखल आत घेते म्हणून बाद, गुडघ्यापर्यंतचा बूट पोटरीला सैल, त्यात वरूनच पाणी शिरणार. अखेर नडगीपर्यंतचा, खाचदार तळव्याचा, जाड मोजा मावेल असा रबरी जोड पसंत पडला. रोज संध्याकाळी मामा तो पुसून दोरीवर उलटा टांगायचे. बागेतून येणारा बूट इतका कोरा कसा, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एका सकाळी मामींना फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. मामा त्या ठशांच्या टोकाला उभे राहून काळजीने विचारत होते, "कोनले लागनं वं?" त्यांच्याच तळव्यात कित्येक दिवसांपासून तारेचा तुकडा रुतलेला होता, आणि जखम आतून सडली होती. मग उलगडा झाला. मामा बूट घालून वाफ्यापर्यंत जात, कडेला ते काढून ठेवत आणि अनवाणी चिखलात उतरत. मामी संतापल्या, तर म्हणाले, "खळामा कोनी बूट घालीसन जास का?" आमच्याकडे धान्याच्या खळ्यात पायताण नेत नाहीत. मामांनी तोच मान चार वाफ्यांना दिला होता.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला पहिलं विचारलं, "अर्धा जोड परत लेतीन का?" मी हसलो, आणि बाहेर येऊन जिन्यात बसलो.

आता मामा मागच्या दारात खुर्चीवर बसतात. परवा मी वांगी तोडायला गेलो आणि त्यांचा मान राखायचा म्हणून वाफ्याच्या कडेला चप्पल काढू लागलो. "ऱ्हाऊ द्या, जावईबापू," मामा म्हणाले, "घालीसनच जा." मी वळून पाहिलं. वाफ्याकडे हात जोडून ते पुटपुटत होते, "माफ कर माय. त्यासना पाय ऱ्हाऊ दे." मी चप्पल घालूनच आत उतरलो, आणि वांगी तोडताना मला रडू आवरेना.