कडेचा गडी

निजामाच्या राज्यात हिंगोलीला सरकी काढायच्या एका जिनात मी नोकरीला होतो, पण कापसाला हात लावायला नव्हे, हॉकी खेळायला. खेळेल त्यालाच मालक पगार देई. टीमचा कप्तान मी. आमचे तीन चांगले गडी हैदराबादेला निघून गेले आणि आम्ही जिथं तिथं मार खाऊ लागलो. मॅनेजरनं मला बोलावलं नि तोंडावर सांगितलं, "रविवारी नांदेडवाल्यांशी हरलात तर अकराच्या अकरा घरी."

डाव्या कडेला माझा थोरला भाऊ खेळायचा. बाभळीच्या वाकड्या फांदीची पहिली हॉकी त्यानंच माझ्या हातात दिली होती. आता त्याचा गुडघा सुजायचा. मला दिसत होतं, पण बोलणार कोण?

मैदानाकडेला मेंढरं चारणारा एक धनगर होता. एकदा चेंडू त्याच्याकडं गेला, तर गड्यानं हातातल्या काठीनं असा हाणला की या टोकाचा त्या टोकाला! मी त्याला धरूनच आणला आणि आमच्या गोलापुढं राखणीला उभा केला. पण कडेचा चेंडू बाहेर काढायचा सोडून हा दरवेळी मधोमध, आमच्याच गोलासमोर आणून द्यायचा.

"अरं बाबा, बाहेर हाण!"

"आसं कसं जी? कडेला गेलेलं मेंढरू आत वळवायचं आसतंय."

कपाळ माझं! चार दिवस घसा फोडला. तो "व्हय जी" म्हणायचा आणि पुन्हा तेच.

शुक्रवारी गुडघ्याला हळद लावता लावता भाऊ म्हणाला, "त्याला माझ्या जागी घाल."

"काहून?"

"तिथं कडेवरून त्यांच्या गोलापुढं, आत वळवायचंच काम हाय. माझ्यानं होऊन न्हाई राहिलं."

"गप बस, दादा!" मी ओरडलो. खरं बोलला म्हणूनच राग आला. तो बाहेर बसला की त्याची नोकरी गेली, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याला जिनात दुसरं काम द्या म्हणून मॅनेजरकडं गेलो, तर म्हणे, "ही काय धर्मशाळा हाय?"

रविवारी मी गड्यांची नावं सांगत गेलो. डाव्या कडेला धनगराचं नाव घेतलं आणि खाली बघितलं.

शेवटपर्यंत बराबरी. चेंडू डाव्या कोपऱ्यात गेला आणि बाहेरून भावाचा आवाज आला, "वळव रे, आत वळव!" धनगरानं वळवला. मी फक्त हॉकी लावली. गोल! पोरांनी मला खांद्यावर घेतलं, पण मला मेली खुशीच होईना.

दुसऱ्या दिवशी भावानं बिऱ्हाड बैलगाडीत घातलं, गावाकडं, जवळा बाजारला शेतावर जायला. मी गाडीजवळ चोरासारखा उभा होतो.

"गडी बराबर निवडलास, कप्तान," तो म्हणाला आणि बैल हाकले.

तोवर तो मला पोऱ्याच म्हणायचा.